चिंचेच्या रानातला पहिला हुरडा

परशराम पाटलाचं तळपट होऊ दे, असं मी पहिल्यांदा म्हटलं ते श्रावणात, मारुतीच्या देवळात, हात जोडून. शेजारी माझी थोरली जाऊ आक्काताई उभी होती. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले आणि हळूच म्हणाली, "जयाबाय, द्येवाला कशाला तरास देतीस? त्येला लई कामं हाईत. पाटलाचं आपुन बघू."

मी रागावले की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. आक्काचा राग कुणाला ऐकू जायचा नाही. ती नेहमीसारखी भाकरी थापायची, शेण काढायची, आणि राग आत तसाच ठेवायची. मला तिचीच जास्त भीती वाटायची.

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. रेशनच्या दुकानात किडका जोंधळा मिळायचा, तोही रांगेत उभं राहून, आणि आमच्या निपाणी भागात जिकडं बघावं तिकडं तंबाखू उभी. तेव्हा सरकारनं दवंडी पिटवली, की तंबाखू सोडून जो जोंधळा पेरील त्याला एकरामागं सरकारी पैसे मिळतील. गावातली माणसं हसली. ज्यांच्या घरावर तंबाखूनं कौलं चढवली होती, ती असल्या दवंडीला कशाला भुलतात! आमच्या आक्कानं मात्र ती दवंडी मनावर घेतली.

तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला दीर भरमा, बेळगावच्या पलटणीत होता. बोटीत बसून पार इटली नावाच्या मुलखात लढायला गेलेला. आक्का म्हणाली, "सरकार जोंधळा मागतंय ते पलटणीसाठीच की. त्यातला मूठभर ह्यांच्या ताटात पडंल." मी म्हटलं, "आक्का, तितं भाकरी कोण थापतंय गं?" तर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आम्ही कसायचो त्या रानाला चिंचेचं रान म्हणत. बांधावर मोठी चिंच होती. रान पाटलाचं, पण सासऱ्यांच्या बापापासून राबणारे आम्ही. अर्धं पीक पाटलाच्या घरी पोचवायचं, अर्धं आमचं. त्या वर्षी मृगाचा पाऊस झाल्यावर माझ्या नवऱ्यानं, गुंडूनं, कुरी म्हणजे पेरायची पाभर धरली आणि चाड्यावर मूठ आक्कानं धरली. कुरीवरच्या चाड्यात बी सोडायचं काम बाईचं. मूठ सैल पडली तर बी ढिगानं पडतं, आवळली तर काकरी मोकळी जाते. आक्काची मूठ गावात नावाजलेली. जोंधळा उगवला तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं बैलगाडी थांबवून बघायची.

पाटलानंही बघितलं. आणि त्याच्या डोक्यात काय शिजलं ते श्रावणात कळलं. त्याला सरकारचे पैसेही हवे होते आणि तंबाखूही. जोंधळा कमरेला लागला होता तेव्हा एका सकाळी तो नांगर घेऊनच रानात आला.

आक्का नांगरापुढं जाऊन उभी राहिली. "आप्पा, उभं पीक हाय ते!"

"रान कुणाचं गं?"

"रान तुमचं. पीक माझं."

"मग पीक उचल आणि घरला ने. नवरा आला लढाईवरनं की दोघं मिळून भांडाय या."

त्याचे गडी फिदीफिदी हसले. माझा गुंडू बांधावर उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. नवरा चांगला आहे माझा, पण पाटलापुढं त्याची जीभ टाळूला चिकटते.

आणि नांगर फिरला. आक्काचा जोंधळा मुळासकट उलथा झाला. पण सगळा नाही! चारी बाजूंच्या कडेच्या काकऱ्या पाटलानं तशाच राखल्या, रस्त्याच्या अंगाला तर चांगल्या रुंद. मधल्या रानात आठवड्याभरात तंबाखूची रोपं लागली. जोंधळा पुरुषभर उंच झाला, तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला चिंचेचं रान म्हणजे निव्वळ जोंधळा दिसायचा. आक्कानं पेरलेलं पीक पाटलानं पडद्याला वापरलं. सरकारी पैसे त्याच्या नावावर लागले. गुंडू तलाठ्याकडं जाऊन आला, तर तलाठी म्हणाला, रान जोंधळ्याचं लागलंय, मी स्वतः बघून आलो. बघितलं असेल, चिंचेखाली पाटलाची सुपारी चघळत.

देवळात मी तळपट मागितलं ते नांगर फिरला त्याच दिवशी.

पुढं खुडणीचे दिवस आले. तंबाखूला फूल धरू द्यायचं नसतं. शेंडा खुडायचा, बगलेत फुटलेली कोवळी पिलं मोडायची, म्हणजे पानाला जाडी येते. हे काम बायकांचं. पाटलानं चिंचेच्या रानासाठी बायका बोलावल्या आणि सगळ्यांच्या आधी आक्का निघाली. मी तिचा पदरच धरला.

"लाज हाय का न्हाय तुला? आपल्याच रानात त्येच्या रोजावर जातीस?"

"मला रोज बघायचंय त्येला," ती म्हणाली. "तू पन चल."

तंबाखूत ज्यानं काम केलं नाही त्याला ते हात कळायचे नाहीत. खुडताना जो चीक लागतो तो आधी दिसत नाही, नुसता चिकट लागतो. मग वारा लागून हळूहळू काळा पडतो, आणि संध्याकाळपर्यंत हात डांबरात बुडवल्यासारखे होतात. काळं निघतं, चिंच आणि राख लावून घासलं की निघतं. पण कडवटपणा दोन-दोन दिवस जात नाही. भाकरीला हात लावला की भाकरी कडू. माझी तान्ही पोरगी पदराला लागलेल्या कडवटपणानं तोंड वळवून रडायची. म्हणून आम्ही दुपारी भाकरी पानात धरून खायचो आणि पाणी पिताना एकमेकींच्या तोंडात वरून धार धरायचो.

चिंचेच्या रानात पाण्याची घागर पाटलाजवळ असायची. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही बांधावर गेलो तर त्यानं तांब्या आमच्या हातात द्यायचं नाकारलं. पितळेला चीक लागेल म्हणे.

"मग वरनं धार धरा, आप्पा," आक्का म्हणाली. "हात कडू हाईत."

"तुमच्या तोंडाशी तांब्या धरायला मी काय तुमचा गडी हाय? वंजळ करा."

काय करणार? तहानेनं जीव चाललेला. आम्ही त्या काळ्या ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यालो. कडूजहर! एक म्हातारी बांधावरच ओकली. पाटील हसत होता. आक्का सगळं पाणी प्याली, तोंड पुसलं आणि पुन्हा तंबाखूत शिरली. ओळीत माझ्या शेजारी आल्यावर एवढंच म्हणाली, "जयाबाय, ध्यानात ठेव हं हे."

दिवाळी तोंडावर आली आणि खबर आली, की मामलेदार जोंधळ्याची रानं बघायला येणार. पाटील घाबरला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! तो खुशीत आला. चिंचेचं रान रस्त्याकडेला, जोंधळा भागात पहिल्या नंबरचा. साहेबांना चिंचेखाली सतरंजीवर बसवायचं, हुरडा खिलवायचा, बांधावरूनच पीक दाखवायचं आणि वाटेला लावायचं, असा त्याचा बेत ठरला. जोंधळ्यात शिरायला मामलेदाराला काय कुसळं टोचून घ्यायची होती?

एकच अडचण होती. आमच्याकडं रीत आहे, की ज्या हातानं चाड्यावर मूठ धरली त्याच हातानं त्या रानातला पहिला हुरडा चोळायचा. रीत मोडली तर पुढच्या साली रान धान्य देत नाही म्हणतात. पाटलाची आई या बाबतीत भारी कडक. आणि चिंचेच्या रानात मूठ कुणाची हे पोराटोरांना ठाऊक. पाटलानं आक्काला बोलावणं धाडलं. मी मागोमाग गेलेच.

"साहेबांम्होरं चार दाणं चोळायचं आणि गप बसायचं," तो म्हणाला. "वाकडा शबूद निघाला तर तुज्या दिराला, गुंडूला, गावात काम मिळायचं न्हाय. कळलं?"

"कळलं, आप्पा."

"आणि हात धुऊन ये. काळं दिसाय नगं."

साहेब येण्याच्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर बसून हात घासले. आक्का इतकी घासत होती की बोटं लाल झाली. मला तिचा राग आला. म्हटलं, "त्येच्यासाठी कातडं सोलून घेतीस व्हय?" तिनं राखेची आणखी एक चिमूट घेतली.

चिंचेखाली पाटलानं स्वतः तिची तपासणी केली. "हात दाव." तिनं पंजे पुढं केले. "उलटं कर. नखं." तिनं नखंही दाखवली. गुरांच्या बाजारात दात बघतात तशी त्यानं माझ्या जावेची बोटं एकेक करून बघितली. सगळं गाव बघत होतं. मग तो समाधानानं म्हणाला, "आता कशी मानसात आलीस! जा, चांगली कणसं काढून आण."

ही त्याची चूक. उभ्या जन्मात त्यानं तंबाखूचा शेंडा स्वतःच्या हातानं खुडला नव्हता. हात पांढरे दिसले म्हणजे झालं, एवढंच त्याला ठाऊक.

आक्का जोंधळ्यात शिरली, मागोमाग मी. तिनं भराभर कोवळी, दुधाळ कणसं मोडली आणि माझ्या ओटीत टाकली. मग कणसं सोडून ती सरळ आत चालत गेली, जोंधळा संपेपर्यंत. पुढं तंबाखू. तिनं एक कोवळं पिलू मोडलं, तळहातांत घेतलं आणि चोळलं. मग दुसरं, तिसरं. चोथा टाकून द्यायची, पुन्हा नवं घ्यायची. हिरवा रस मनगटापर्यंत गेला. मग तिनं पंजे जोंधळ्याच्या पानाला पुसले, वारा लागू नये म्हणून पदरात गुंडाळले. पांढरे स्वच्छ हात! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि हसू आवरता आवरेना.

"गप गं," आक्का म्हणाली. "काळं पडायच्या आत चोळाय पायजेत."

मामलेदार मोटारीतून आले. टोपी, काळा कोट, बोलणं बेळगाव शहरातलं. रस्त्यावरून जोंधळा बघून ते खरंच खूश झाले. "वा, पाटील! असं पीक मी या वर्षात बघितलं नाही." पाटील हात जोडून लवला. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली. पाटलानं साहेबांना आमची रीत मोठ्या कौतुकानं समजावून सांगितली आणि आक्काकडं बोट केलं, "हिची मूठ, साहेब. गरीब बाई हाय, पन हात लई गुनाचा."

आक्कानं कणीस घेतलं आणि तळव्यावर चोळलं. गरम दाणा, त्याची वाफ, आणि तिच्या हातावरचा रस. फुंकर मारून तिनं कोंडा उडवला आणि हिरवे टपोरे दाणे पळसाच्या पानावर साहेबांपुढं ठेवले.

साहेबांनी चांगला बकाणाच भरला. दोनदा चावलं आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. थुंकले. पुन्हा थुंकले. काही बोलायला तोंड उघडलं, तर बोलण्याऐवजी उचकी आली. मग दुसरी. तंबाखूच्या रसानं उचकी लागते हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"कडू... हिक्... हे काय आहे, पाटील?"

"कडवा दाना आसंल, साहेब," पाटील घाईघाईनं म्हणाला. "एखांदं कणीस निघतंय तसलं."

साहेब हुशार निघाले. त्यांनी आपल्या शिपायाला त्याच आरातलं कणीस चोळायला लावलं आणि भीत भीत दोन दाणे जिभेवर ठेवले. गोड! मग त्यांनी आक्काकडं बघितलं.

"बाई, हात दाखवा."

आक्कानं पंजे पुढं केले. सकाळी पाटलानं तपासले तेच पंजे. आता त्यांच्या रेघा काळ्या झाल्या होत्या, आणि आम्ही बघता बघता काळं बोटांवर चढत होतं. पाटलाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तान्ह्या पोरीला उचलून मी तिचा मुका घेतला.

"तंबाखू," साहेब म्हणाले. त्यांनी बोट लावून वास घेतला. "या रानात निव्वळ जोंधळा आहे असं मला सांगितलंय. मग ही, हिक्, आली कुठून?"

"चला, दावते," आक्का म्हणाली.

पाटील आडवा आला. "साहेब, आत साप हाईत, काटं हाईत..." साहेबांनी त्याला हातानं बाजूला केलं. पुढं आक्का, मागं कोट सांभाळत मामलेदार, मागं सगळं गाव. जोंधळ्याची पानं खसखसली, आणि मग एकाएकी जोंधळा संपला. पुढं पार पलीकडच्या पडद्यापर्यंत तंबाखू पसरली होती. रुंद, गर्द पानं, ओळीत उभी. साहेब ओळीओळीतून फिरून बघायला लागले. मधूनमधून उचकी तेवढी ऐकू यायची.

"हा जोंधळा कुणी पेरला?"

"म्या," आक्का म्हणाली. "सगळ्या रानात पेरलावता. पाटलांनी नांगर फिरवला."

"तुमचा नवरा?"

"पलटणीत. इटलीत." आणि इतके महिने न रडलेली माझी जाऊ तिथं रडली. "त्येंच्यासाठी पेरलावता, साहेब."

मामलेदारांनी पाटलाकडं वळून जे सुनावलं ते मला जन्मभर पुरेल. सरकारी पैसे परत जाणार. दिवस मावळायच्या आत तंबाखूचं एकही रोप उभं राहता कामा नये. या रानात आता रब्बीचा जोंधळा, शाळू पडेल, आणि तो ही बाई पेरेल. "पाटीलकी टिकवायची असेल तर," ते म्हणाले, "पुन्हा हिला या रानातून हलवायचं नाही." शिपायाला देखरेखीला ठेवून ते उचक्या देत मोटारीत बसले.

मोटार गेल्यावर पाटील आम्हा बायकांवर खेकसला, "बघत काय ऱ्हायलाय? उपटाय लागा!"

आक्का चिंचेखाली बसली. "आमी हात धुतल्यात, आप्पा. तुमीच तपासलंसा न्हवं?"

एकीनंही जागा सोडली नाही. गड्यांकडं वळला, तर कुणाची म्हैस व्यायला झाली होती, कुणाचा मेहुणा आला होता. माझा गुंडू तर त्याच्या तोंडावर म्हणाला, "आप्पा, माझी कंबर दुकतीया." लग्नानंतर मला त्याचं एवढं कौतुक पहिल्यांदाच वाटलं. शेवटी पाटील धोतर खोचून आपल्या दोन पोरांबरोबर स्वतः तंबाखूत उतरला. आम्ही बांधावर ओळीनं बसलो. मी कणसं पळसाच्या पानात धरून हुरडा चोळला आणि सगळ्यांनी पोटभर खाल्ला.

दुपार कलली. ऊन कडक होतं. वाकून वाकून पाटलाची पाठ धरली, आणि हात कोपरापर्यंत काळे झाले. ओठ वाळले, तेव्हा तो धडपडत बांधावर आला. घागर आज आक्काजवळ होती. तिनं तांब्या भरला. पाटलानं हात पुढं केला तसा तिनं तो मागं घेतला.

"पितळेला चीक लागंल, आप्पा. वंजळ करा."

"आक्काताई, हात कडू हाईत गं. वरनं धार धर."

"तुमच्या तोंडाशी तांब्या धरायला," आक्का म्हणाली, "मी काय तुमची गडी हाय?"

पाटलानं आमच्याकडं बघितलं. शिपायाकडं बघितलं. मग तो गुडघ्यावर बसला आणि काळ्या हातांची ओंजळ केली. आक्कानं वाकून पाणी ओतलं, चाड्यात बी सोडायची तसं, सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता. तो प्याला. त्याचा सगळा चेहरा आक्रसला आणि त्याला उचकी लागली.

आक्कानं दुसरा तांब्या भरला.